गुंडाळीच्या कागदावरील छायाचित्र-छपाई : कागद भरणे, नोंदी व शिल्लक

बेळगाव शहरातील बाजारपेठांत आणि निपाणीच्या मुख्य रस्त्यावर छायाचित्रणाची लहान-मोठी दुकाने बरीच आहेत. ह्या व्यवसायाचे स्वरूप गेल्या पन्नास वर्षांत दोन वेळा मुळापासून बदलले. प्रथम काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांची जागा रंगीत छायाचित्रांनी घेतली. अंधाऱ्या खोलीत स्वहस्ते होणारे धुलाई-छपाईचे काम त्यामुळे दुकानदाराच्या हातून सुटले व मोठ्या शहरांतील रंगीत प्रयोगशाळांकडे गेले. जपानमधील नोरित्सु कंपनीने १९७६ मध्ये आटोपशीर आकाराचे धुलाई-छपाई यंत्र बाजारात आणले आणि पुढे अशा यंत्रांचा प्रसार जगभर झाला. तथापि त्यांची किंमत, त्यांना लागणारी रसायने आणि रोजच्या रोज पुरेसे काम मिळण्याची गरज ही सर्व लहान दुकानाच्या आवाक्याबाहेरची होती. दुसरा बदल अंकीय कॅमेऱ्याने घडविला. शाईच्या सूक्ष्म फवाऱ्याने अथवा उष्णतेने रंग उतरवून छपाई करणारी, रसायने न लागणारी व टेबलावर मावणारी यंत्रे आली आणि छपाई पुन्हा दुकानात परत आली.

छपाई परत आली तशी कागदाची जबाबदारीही आली. गुंडाळी कशी बसवावी, तिची नोंद यंत्रात कशी करावी, किती कागद शिल्लक आहे हे कसे ओळखावे, ह्या गोष्टी पूर्वी प्रयोगशाळेतील कामगार पाहत असे. आज त्या दुकानातील मालकाला किंवा त्याच्या हाताखाली नुकत्याच लागलेल्या मुलाला पाहाव्या लागतात. यंत्राचा पडदा व माहितीपुस्तिका बहुधा इंग्रजीत असतात, आणि शिकविणारा तंत्रज्ञ यंत्र बसविण्याच्या दिवशी जे तासाभरात सांगून जाईल तेवढ्यावरच पुढचे काम चालते. छपाईतील नासाडीचा मोठा भाग यंत्राच्या बिघाडातून नव्हे, तर ह्या अपुऱ्या माहितीतून होतो.

ह्या भागातील मागणीचे स्वरूपही ध्यानात घेण्याजोगे आहे. वर्षभर चालणारे काम म्हणजे अर्जांना व ओळखपत्रांना लावावयाची लहान छायाचित्रे. शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशाच्या दिवसांत ते एकदम वाढते. दुसरे काम लग्नसराईचे. ते फार तर काही महिन्यांचे, परंतु वर्षाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा त्यातूनच येतो. लग्नघरे मराठी असतात तशी कानडीही, आणि एकाच संग्रहातील नावे व मथळे दोन लिप्यांत मागणारी घरेही ह्या भागात असतात. तिसरे काम गटचित्रांचे. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून आहे. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ १९९८ मध्ये येथेच स्थापन झाले. तुकडीचे किंवा वर्गाचे लांबट गटचित्र हे गुंडाळीच्या कागदाचे खरे क्षेत्र होय, कारण सुट्या कागदाला ठरावीक लांबी असते. गुंडाळीला ती नसते. एप्सन कंपनीच्या शुअरलॅब डी७०० सारख्या यंत्रावर २१० मिलिमीटर रुंद व एक मीटरपर्यंत लांब छायाचित्र निघू शकते.

यंत्रांचे प्रकार

गुंडाळीवर चालणारी यंत्रे तीन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारात प्रकाशसंवेदी कागद वापरतात. अशा कागदाची गुंडाळी पूर्ण अंधारातच पेटीत भरावी लागते, आणि पेटीतील कागदाची रुंदी व पृष्ठभाग यंत्राला कळविण्यासाठी त्या पेटीची नोंद करावी लागते. पेटी बंद होण्यापूर्वी दार उघडले गेले तर प्रकाश लागलेले सर्व थर वाया जातात. लग्नसंग्रहांसाठी लागणारी १२×३६ इंचांची पाने बहुतांशी अशाच मोठ्या यंत्रांवर निघत आली आहेत. १२ इंच रुंद व ८३.८ मीटर लांब गुंडाळीतून अशी सुमारे ९० पाने मिळतात. म्हणजे पन्नास पानांचे दोन संग्रहही तीतून पुरे होत नाहीत.

दुसरा प्रकार उष्णतेने रंग उतरविणाऱ्या यंत्रांचा. त्यात कागदाच्या गुंडाळीबरोबर रंगपट्टीचीही गुंडाळी असते. पट्टीवर पिवळा, किरमिजी, निळा व शेवटी संरक्षक पारदर्शक थर असे क्रमाने पट्टे असतात. कागद व पट्टी एकमेकांच्या मापाने बांधलेली असल्यामुळे दोन्ही एकदमच बदलावी लागतात. डी.एन.पी. कंपनीच्या आर.एक्स.१ यंत्राच्या एका संचात ४×६ इंचांची ७०० छायाचित्रे निघतात. संख्या अशी ठरलेली असल्याने हिशेब सोपा असतो. एक गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही : वापरलेल्या पट्टीवर छापलेल्या प्रत्येक चेहऱ्याचा ठसा उरतो. ओळखपत्रांची छायाचित्रे काढणाऱ्याने ती पट्टी उकिरड्यावर टाकू नये. तिचे तुकडे करून विल्हेवाट लावावी.

तिसरा प्रकार शाईच्या फवाऱ्याचा. एप्सनचे शुअरलॅब किंवा फुजीफिल्मचे फ्रंटियर डीएक्स१०० ही ह्या प्रकारची परिचित उदाहरणे. त्यांत सहा शाया असतात व कागद ४, ५, ६ किंवा ८ इंच रुंदीच्या गुंडाळ्यांत मिळतो. लहान दुकानांच्या कामाला तो अधिक सोयीचा असल्याने पुढील विवेचन मुख्यतः त्यालाच धरून केले आहे.

गुंडाळी बसविणे

गुंडाळी वेष्टनातून काढण्यापूर्वी हात स्वच्छ व कोरडे असावेत. सुती हातमोजे वापरल्यास उत्तम. बोटांच्या ठशांवर शाई नीट बसत नाही, आणि हा दोष छायाचित्र वाळल्यावरच दिसतो. वेष्टनावर छपाईची बाजू दर्शविणारी खूण असते, ती पाहून घ्यावी. नंतर गुंडाळी सपाट टेबलावर उभी ठेवून तिच्या दोन्ही कडा एका पातळीत आहेत काय, हे तपासावे. प्रवासात आदळआपट झालेल्या गुंडाळीचे मधले थर एका बाजूस सरकलेले असतात. ती तशीच बसविली तर कागद तिरका जातो आणि काही मीटरनंतर अडकतो. टेबलावर हलक्या हाताने ठोकून कडा सारख्या कराव्यात.

दांड्यावर गुंडाळी चढविताना दोन्ही बाजूंच्या तबकड्या कागदाच्या कडेला अलगद टेकल्या पाहिजेत. फट राहिली तर कागद डावीउजवीकडे डोलतो. फार घट्ट बसविली तर कडा चुरगळतात आणि कागद ओढला जाताना खेच बसते. कागदाचे तोंड चिकटपट्टीने बंद केलेले असते. पट्टी सोलून काढण्यापेक्षा तिच्यासह पाच-सात सेंटिमीटर कागद काटकोनात कापून टाकणे चांगले. सोललेल्या पट्टीचा चिकटपणा आतील रुळांना लागला म्हणजे तो काढण्यास निम्मा दिवस जातो, आणि वाचविलेल्या कागदाची किंमत त्यामानाने नगण्य असते. तोंड काटकोनातच कापावे; नजरेने कापलेली कड बहुधा वाकडी येते, म्हणून गुण्या किंवा कापणीयंत्र वापरावे.

कागद यंत्राच्या तोंडात सरकविताना तो दोन्ही हातांनी मध्यावर धरावा व यंत्राने स्वतः ओढून घेईपर्यंत सोडू नये. गुंडाळीचा सैलपणा आधीच काढून टाकलेला असावा. सैल गुंडाळी पहिल्या ओढीतच फुगते आणि पुढचा कागद घड्या पडून आत जातो.

नोंदी

कागद बसल्यावर यंत्र तीन गोष्टी विचारते : कागदाचा प्रकार, रुंदी आणि शिल्लक लांबी. ह्या तिन्ही बाबी सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. पण चुकीचे परिणाम मात्र अगदी निरनिराळे होतात.

रुंदीची चूक सर्वांत आधी उघडकीस येते. ५ इंची कागदाची नोंद ६ इंची अशी झाली तर कडेची शाई कागदाबाहेर, खालच्या आधारपट्टीवर पडते. ते छायाचित्र तर बिघडतेच, पण पुढच्या कित्येक छायाचित्रांच्या पाठीमागे काळसर डाग येत राहतात. काही यंत्रे रुंदी स्वतः तपासून काम थांबवितात. प्रकाराची चूक मात्र बहुतेक यंत्रांना ओळखता येत नाही. चकचकीत, रेशमी दाण्याचा व मंद पृष्ठभागाचा असे कागद शाई निरनिराळ्या प्रमाणात शोषतात. यंत्र सांगितलेल्या प्रकाराप्रमाणे शाईचे माप ठरविते. मंद कागदासाठीचे माप चकचकीत कागदावर पडले तर सावलीच्या भागात शाई साचते, वाळण्यास वेळ लागतो, एकावर एक पडलेली छायाचित्रे चिकटतात. उलट चूक झाल्यास रंग फिके व धुरकट दिसतात. अशा वेळी अननुभवी कारागीर संगणकावर रंग वाढवीत बसतो. दोष दूर होत नाही, आणि नोंद सुधारल्यावर ती वाढविलेली छायाचित्रे पुन्हा भडक निघतात.

याशिवाय एक चौथी बाब आहे, जी यंत्र विचारत नाही. यंत्रात जी नोंद आहे तीच संगणकातील छपाईच्या सूचनेतही असावी लागते. यंत्रात चकचकीत, संगणकात रेशमी, असे झाले तर काही यंत्रे काम अडवून धरतात. काही मात्र निमूटपणे छापून मोकळी होतात, आणि हे दुसऱ्या प्रकारचे यंत्र अधिक धोक्याचे. दोन गुंडाळ्या एकाच वेळी बसविता येणाऱ्या यंत्रांत ही काळजी दुपटीने घ्यावी. मापावरून यंत्र योग्य गुंडाळी स्वतः निवडते हे खरे. परंतु दोन्ही गुंडाळ्या ६ इंची असून एक चकचकीत व एक रेशमी असेल तर निवड माणसानेच सांगितली पाहिजे.

कोणत्या रुंदीची गुंडाळी ठेवावी हा प्रश्न दुकानदार नेहमी विचारतात. ४×६ इंचांचे छायाचित्र ४ इंची गुंडाळीवरही निघते व ६ इंची गुंडाळीवर आडवेही निघते. कडेला पांढरी किनार नको असेल तर दोन छायाचित्रांमध्ये थोडी पट्टी कापून टाकावी लागते. ती ३ मिलिमीटर धरू. ६५ मीटरच्या ६ इंची गुंडाळीवर दर छायाचित्रास १०५ मिलिमीटर, म्हणजे ६१९ छायाचित्रे निघतात. त्याच लांबीच्या ४ इंची गुंडाळीवर दर छायाचित्रास १५५ मिलिमीटर, म्हणजे ४१९. कागदाच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहिल्यास दोहोंतील फरक शेकड्याला एकाच्या आसपास येतो. एवढ्याशा बचतीसाठी दिवसातून चार वेळा गुंडाळी बदलणे परवडत नाही, कारण प्रत्येक बदलात तोंडाचा कागद कापला जातो आणि नोंद चुकण्याची एक संधी वाढते. ६ इंची गुंडाळीवर ४×६, ६×८ व ६×९ ही तिन्ही मापे निघतात. ३५×४५ मिलिमीटरची आठ ओळख-छायाचित्रे ४×६ च्या एका पानावर बसतात. म्हणून एकच यंत्र असणाऱ्या दुकानाने ६ इंची गुंडाळी कायम ठेवावी आणि ८ इंची कामे साठवून आठवड्यातून एक-दोन वेळाच काढावीत, हे बरे.

शिल्लक कशी ओळखावी

शिल्लक लांबी यंत्र स्वतः मोजत नाही. सुरुवातीस सांगितलेल्या आकड्यातून ते वजाबाकी करीत जाते. पहिला आकडा चुकला तर पुढचे सर्व आकडे चुकतात. अर्धवट गुंडाळी काढून पुन्हा बसविताना ‘६५ मीटर’ असाच आकडा ठेवून दिला जातो, आणि मग ऐन कामात कागद संपतो. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव जवळजवळ त्याच्या दुप्पट अंतरावर. संपलेला कागद आणावयाचा म्हणजे त्या दिवशीचे काम गेलेच. लग्नाच्या संग्रहात शेवटची काही पाने दुसऱ्या बनावटीच्या कागदावर निघाली तर त्यांची छटा वेगळी दिसते व ग्राहक ती अचूक ओळखतो.

काढलेल्या गुंडाळीवर त्याच वेळी शिल्लक लांबी व तारीख लिहून ठेवावी, ही पहिली सवय. ती राहून गेली असल्यास दोन उपाय आहेत. पहिला मापाचा. कागदाची जाडी पाव मिलिमीटर असेल, तर गुंडाळीच्या बाहेरील व्यासाच्या वर्गातून गाभ्याच्या बाहेरील व्यासाचा वर्ग वजा करावा आणि बाकीस ३.१४ ने गुणावे; येणारे उत्तर मिलिमीटरमधील लांबी होय. उदाहरणार्थ, गाभ्याचा बाहेरील व्यास ८४ मिलिमीटर व गुंडाळीचा १३० मिलिमीटर आहे असे समजू. १३० चा वर्ग १६,९००, ८४ चा वर्ग ७,०५६, बाकी ९,८४४, गुणाकार सुमारे ३०,९००, म्हणजे जवळजवळ ३१ मीटर. डोळ्यांना ही गुंडाळी अर्ध्याहून अधिक उरलेली दिसते, प्रत्यक्षात ती निम्म्याहून थोडी कमी आहे. बाहेरच्या वेढ्यात कागद अधिक असतो हे नजर विसरते.

आता एका लग्नाची ४×६ ची ३०० छायाचित्रे काढावयाची आहेत. त्यांना ३१.५ मीटर कागद लागेल. वरील गुंडाळीवर २९४ निघतील आणि सहा राहतील. तोंड कापण्यात जाणारा कागद धरला तर आणखी एखादे. यंत्राच्या पडद्यावर ‘४० मीटर’ असा चुकीचा आकडा असेल तर ही गोष्ट २९३ व्या छायाचित्रानंतर कळते. पाच मिनिटांच्या मापाने ती आधीच कळली असती आणि ते काम नव्या गुंडाळीवर घेऊन जुनी गुंडाळी ओळख-छायाचित्रांसाठी ठेवता आली असती.

दुसरा उपाय वजनाचा, आणि तो अधिक सोयीचा. दर चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचा ६ इंची कागद दर मीटरला ३८ ग्रॅम भरतो. रिकामा गाभा एकदा तोलून त्याचे वजन भिंतीवर लिहून ठेवावे. गुंडाळीच्या वजनातून ते वजा करून ३८ ने भागले की मीटर निघतात. किराणा दुकानातील साधा इलेक्ट्रॉनिक काटा ह्यासाठी पुरतो. कागदाची जाडी व वजन बनावटीप्रमाणे बदलतात. ते वेष्टनावर पाहून आकडे बदलून घ्यावेत.

गुंडाळीच्या अगदी शेवटचे एक-दोन मीटर महत्त्वाच्या कामास वापरू नयेत. गाभ्याजवळचा कागद घट्ट वळलेला असतो, त्याची कड वर उचलली जाते व शाई फवारणाऱ्या शीर्षास घासते. शेवट गाभ्याला चिकटविलेला असल्यास ओढ बसून यंत्र अडते.

हवा, धूळ व वीज

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर व सह्याद्रीच्या अगदी जवळ आहे. जून ते सप्टेंबर ह्या काळात तेथील हवा दिवसेंदिवस ओली राहते. छायाचित्राचा कागद दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकच्या पातळ थराने मढविलेला असला तरी शाई शोषणारा थर व कापलेल्या कडा दमट हवेतील ओल घेतात. कडा लहरी होतात, शाई उशिरा वाळते. उलट मार्च-एप्रिलमधील कोरड्या हवेत कागद वळतो व त्यावर स्थिर वीज साचून धूळ चिकटते. खोलीतील सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्के असावी. एक साधा आर्द्रतामापक भिंतीवर टांगल्यास अंदाजाने बोलण्याची गरज उरत नाही. निपाणीस ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. पान किती ओले, किती कोरडे हे तंबाखूच्या वखारीत हाताच्या स्पर्शाने ओळखणारी माणसे तेथे आहेत, आणि कागदाचा स्वभाव त्या पानाहून फारसा निराळा नाही. वखारी असलेल्या वस्तीत मात्र बारीक धूळ अधिक असते. छपाईच्या वेळी कागदावर बसलेला कण नंतर गळून पडतो व तेथे पांढरा ठिपका राहतो. यंत्र रस्त्याच्या बाजूच्या दारापासून दूर ठेवावे, झाडलोट छपाईपूर्वी नव्हे तर आदल्या सायंकाळी करावी, आणि कापलेल्या पट्ट्यांची पेटी रोज रिकामी करावी. ही पेटी भरून वाहू लागली की पट्ट्या कागदाच्या वाटेत शिरतात.

वीज गेल्यास कागद ओढून काढू नये. यंत्र मध्येच थांबले असता शीर्ष आपल्या झाकणाबाहेर राहते व त्यावरील शाई वाळू लागते. म्हणून काम चालू असलेले छायाचित्र पूर्ण करून रीतसर बंद करता येईल एवढा वेळ टिकणारी बॅटरी यंत्राला जोडलेली असावी. मुख्य बटणावरून यंत्र बंद करण्याची सवय ह्याच कारणाने वाईट. वीज परत आल्यावर यंत्र आतील कागद स्वतः बाहेर काढते. तो वाया गेलेला तुकडा शिलकेच्या आकड्यातून वजा झाला की नाही, हे यंत्रागणिक बदलते. पावसाळ्यात अशा चार-पाच खंडांनंतर वजनाने शिल्लक पडताळून नोंद दुरुस्त करावी.

न वापरलेल्या गुंडाळ्या मूळ पिशवीत, आडव्या न रचता उभ्या, जमिनीपासून हातभर उंच ठेवाव्यात. अर्धी वापरलेली गुंडाळी पिशवीत घालताना आतील हवा दाबून काढावी व तोंड नीट दुमडावे. थंड जागी ठेवलेली प्रकाशसंवेदी कागदाची गुंडाळी काढल्यावर लगेच उघडू नये. काही तास खोलीच्या तापमानास येऊ द्यावी, नाहीतर हवेतील बाष्प तिच्यावर दवासारखे साचते. पावसाळ्यात रात्री दुकान बंद करताना यंत्रातील गुंडाळी तशीच राहू दिली तर सकाळी तोंडाकडचा वीतभर कागद कापून मगच पहिले काम घ्यावे.